वेच्याची वही

गेल्या दिवाळींत आमची नात पुण्याहून आली, ती येतांना चॉकलेटची एक पेटी घेऊन आली. पेटी लहान, किंमत मोठी. आम्हीं ती किंमत वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हां वाचली. आंकडा बदलला नाहीं. एवढ्या पैशांत यवतमाळच्या बाजारांत काय काय आलें असतें हें सांगण्यास आम्ही तोंड उघडणार, तोंच तिनें पेटीच्या कोपऱ्यावरील एका लहानशा शिक्क्यावर बोट ठेवलें. "आजोबा, हा न्याय्य व्यापाराचा शिक्का आहे. कोको पिकवणाऱ्याला ठरलेली किमान किंमत मिळावी आणि त्याच्या मळ्यांत लहान मुलांना राबवूं नये, ह्यासाठीं तो असतो. तुम्ही पैसे त्याचे देतां." नातवंडांकडून धडे घेण्याची वेळ म्हाताऱ्यांवर येते ती बहुधा यंत्रांच्या बाबतींत, नीतीच्या बाबतींत ती आमच्यावर प्रथमच आली होती. आम्हीं एक तुकडा तोंडांत टाकला आणि मुकाट्यानें ऐकूं लागलों.

तिनें सांगितलेली हकीकत थोडक्यांत अशी. जगांतील निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेंतील आयव्हरी कोस्ट आणि घाना ह्या दोन देशांत पिकतो. ह्या झाडाचीं फळें खोडालाच लागतात. तीं कोयत्यानें तोडावयाचीं, फोडावयाचीं, आंतल्या बिया केळीच्या पानांखालीं पांचसहा दिवस आंबवावयाच्या आणि मग उन्हांत वाळवावयाच्या. शेतें लहान, शेतकरी गरीब, आणि भाव दूर कोठें तरी ठरणारा. त्यामुळें कोयता मुलांच्या हातांत जातो आणि ओझें त्यांच्या डोक्यावर येतें. २००१ सालीं बड्या चॉकलेट कारखानदारांनीं, ह्यांतील अत्यंत वाईट प्रकार २००५ पर्यंत बंद करूं, असा करार केला. मुदत टळली, वाढविली गेली, पुन्हां टळली. शिकागो विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत ह्या दोन देशांत कोकोच्या कामावरील बालमजुरांची संख्या सुमारें १५ लक्ष ६० हजार भरली.

आम्हांलाही कांहीं ठाऊक आहे हें दाखविणें प्राप्त होतें. आमच्या पिढीला चॉकलेट म्हणजे कॅडबरी. तेव्हां आम्हीं त्या नांवाचा जुना खटला तिला सांगितला. साओ टोमे ह्या पोर्तुगीजांच्या बेटावर मजुरांना गुलामांसारखें राबवितात हें ठाऊक असूनही ह्या कंपनीनें तेथील कोको वर्षानुवर्षें विकत घेतला, असा आरोप लंडनच्या एका वर्तमानपत्रानें केला होता. कंपनीनें अब्रूनुकसानीची फिर्याद लावली. १९०९ च्या डिसेंबरांत ज्यूरीनें कौल कंपनीच्या बाजूनें दिला. मात्र नुकसानभरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा चौथा हिस्सा! आम्ही ह्या गोष्टीवर मनसोक्त हंसलों. नात हंसली नाहीं. तिनें विचारलें, "आजोबा, आपल्या कापसावर असा शिक्का मारतां आला असता का?"

"तूं आधीं चकली घे," आम्ही म्हणालों.

चकली संपली, प्रश्न राहिला. त्या रात्रीं आम्हीं माळ्यावरची पेटी खालीं उतरविली आणि तींतून वडिलांच्या हिशेबाच्या वह्या काढल्या. आमचें वडिलार्जित वावर दारव्ह्याजवळ आहे. वऱ्हाडाबाहेरील वाचकांसाठीं सांगावयाचें तर हा काळ्या मातीचा, कपाशीचा मुलूख. १८५३ सालीं वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या हातीं गेला. पुढें १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आमच्या बोंडांची आठवण झाली. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापुरास जाणारी अरुंद रुळांची आगगाडी झाली ती ह्या कापसासाठींच. लोक तिला लाडानें 'शकुंतला' म्हणत. ती आतां धावत नाहीं. कोकोप्रमाणेंच आमच्या कापसाचा भावही फार पूर्वींपासून आमच्या शिवाराबाहेर ठरत आला आहे, एवढें ह्या इतिहासावरून वाचकांच्या ध्यानांत यावें.

आम्हीं १९७३ सालच्या हंगामाची वही उघडली. त्या वेळीं आमचें वय बारा वर्षांचें होतें. दसऱ्याच्या सुमारास कापूस फुटूं लागे. वावरांत सीतादहीची पूजा होई आणि पहिला वेचा सुरू होई. बाया सकाळीं दंव असतांनाच येत, कमरेला ओटी बांधीत आणि दोन्ही हातांनीं बोंडांतला कापूस ओढीत पुढें सरकत. फुटलेल्या बोंडाच्या टरफलाचीं टोकें वाळून सुईसारखीं टणक होतात. दोनचार दिवसांत बोटांना बारीक चिरा पडतात, आणि रात्रीं भाकरीबरोबर तिखट त्यांत शिरतें. सायंकाळीं खळ्यांत काटा लागे. वडील वजन पाहत आणि आम्ही वहींत लिहीत असूं. हिशेबाचें वळण लागावें म्हणून हें काम आमच्याकडे दिलें होतें.

वेचणाऱ्यांत आमच्या वर्गांतली एक मुलगी होती. तिचें नांव आम्ही येथें देत नाहीं, आणि वहींतही तें नाहीं. वहींत तिच्या आईचें नांव आहे व त्यापुढें वजन आहे. त्या आईचें वजन इतर बायांपेक्षां रोज दहाबारा किलो अधिक भरे. तो अधिक कापूस कोणाच्या हातचा, हें वडिलांना, आम्हांला आणि साऱ्या खळ्याला ठाऊक होतें. शाळेच्या हजेरीपटावर दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत तिच्या नांवापुढें गैरहजेरी पडत होती, आणि त्याच दिवसांचीं वजनें आमच्या वहींत चढत होतीं. मास्तर आमच्याकडे अधूनमधून चहाला येत. हजेरीपट आणि वही एकमेकांशेजारीं ठेवून पाहण्याचें मात्र कोणाच्याच मनांत आलें नाहीं.

एके दिवशीं आमची बेरीज चुकली. आम्हीं आंकडा वाचून दाखविला, तोंच ती आईच्या पाठीमागून हळूच म्हणाली, "हातचा धरला नाही, भाऊ." वडिलांनीं बेरीज पुन्हां केली. तिचें म्हणणें खरें होतें. वडील मोठ्यानें हंसले, "आमच्या चिरंजिवांपेक्षां ही हुशार!" म्हणाले, आणि खिशांतून एक लिमलेटची गोळी काढून त्यांनीं तिला दिली. आमच्याकडे खेड्यांत कागदांत गुंडाळलेल्या कोणत्याही गोळीला चॉकलेटच म्हणत; तींत कोकोचा कणही नसे. तिनें ती तेथें खाल्ली नाहीं. परकराच्या ओच्यांत बांधून घरीं नेली. धाकट्या भावासाठीं असावी. वहीच्या त्या पानावर आमचा चुकीचा आंकडा खोडून वर बरोबर आंकडा लिहिलेला अजून दिसतो. पुढच्या जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां ती आली नाहीं, आणि पुढें कधींच आली नाहीं.

आमचे वडील निर्दय होते असें कोणी समजूं नये. मजुरांच्या दुखण्याखुपण्याला ते धावून जात. "पोरीला शाळेंत धाड," असें त्यांनीं त्या आईला आमच्यादेखत सांगितलेलें आम्हांला आठवतें. तिचें उत्तरही आठवतें: "शाया तं रोजच हाय, मालक, कापूस काई रोज नसते." तेव्हां सर्वांना तें अडाणीपणाचें वाटलें. आज वाटतें, साऱ्या खळ्यांत हिशेब नीट कळणारीं माणसें दोनच होतीं, आणि तीं दोघीं मायलेकी होत्या. वेचणीची मजुरी किलोवर असते. वजन मोठ्या हाताचें कीं लहान हाताचें, हें काट्याला कळत नाहीं. म्हणून घरांत जितके हात असतील तितके त्या तीन महिन्यांत वावरांत आणणें हाच वर्षाच्या पोटाचा मार्ग ठरतो. इकडे शेतकऱ्यालाही घाई असते. फुटलेला कापूस झाडावर राहिला कीं गळतो, मातींत मिसळतो. अवकाळी पाऊस आला तर काळवंडतो आणि भाव पडतो. त्याला सर्वांचे हात एकाच वेळीं हवे असतात आणि मजुरी तर वाढवितां येत नाहीं, कारण भाव त्याच्या हातीं नाहीं. अशा रीतीनें कोणाच्याही मनांत दुष्ट हेतु नसतां एक मूल शाळेंतून उठून वावरांत येतें.

सरकीसकट एक क्विंटल कापसांतून सुमारें ३४-३५ किलो रुई निघते. तेव्हां त्या मुलीच्या रोजच्या बारा किलोंतून चार किलो रुई निघाली. सूत काततांनाची तूट वजा केली तरी डझनभर सदऱ्यांचें कापड झालें. दसरा ते संक्रांत तिनें किती जणांना वस्त्र दिलें, हा हिशेब वाचकांनींच करावा. हातचा तेवढा विसरूं नये.

ह्या मुलांसाठीं कोणीं कांहीं केलें नाहीं असेंही नाहीं. सयाजीराव गायकवाडांनीं १९०६ सालीं बडोदें संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं १९११ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत तशाच हेतूचें विधेयक मांडलें. १९१२ सालीं तें फेटाळलें गेलें. मुलें शाळेंत गेलीं तर शेतावर कोण राबणार, ही जमीनदारांची काळजी त्या विरोधामागें होतीच. स्वतंत्र भारताच्या घटनेनें चौदा वर्षांखालील सर्व मुलांना मोफत व सक्तीचें शिक्षण देण्यासाठीं दहा वर्षांची मुदत आंखली. ती १९६० सालीं संपली. आमच्या खळ्यांत ती मुलगी हातचा सांगत उभी होती तें साल १९७३! शिक्षणाच्या हक्काचा कायदा अमलांत आला २०१० सालीं, आणि चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच मजुरीची बंदी झाली २०१६ सालीं. घरच्या धंद्यांत शाळेची वेळ सोडून मदत करण्याची मोकळीक मात्र कायद्यानें ठेवली आहे. पण दुसऱ्याच्या वावरांत वेचणाऱ्या आईला घरचा धंदा कोठला? आणि कंबरभर पऱ्हाटींत वाकलेलें मूल रस्त्यावरून जाणाऱ्या अधिकाऱ्याला दिसावें तरी कसें?

वेचणीच्याही आधीं बियाणें येतें. १९७० सालीं सुरतेच्या संशोधन केंद्रांतून एच-४ हें संकरित कपाशीचें वाण बाहेर पडलें. अशा बियाण्यासाठीं एकेका फुलांतले पुंकेसर हातानें काढून टाकावे लागतात आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुसऱ्या वाणाचे पराग लावावे लागतात. आंध्र आणि गुजरातेंतील बियाण्यांच्या शेतांवर हें काम लहान मुलींकडून करवून घेतलें जात असल्याचें अनेकदां उघडकीस आलें. अमेरिकेचें कामगार खातें बालमजुरीनें तयार होणाऱ्या मालाची एक यादी प्रसिद्ध करतें. तींत आयव्हरी कोस्टच्या कोकोबरोबर भारताच्या संकरित कपाशी-बियाण्याचेंही नांव आहे. आफ्रिकेच्या कथेवर आम्ही आरामखुर्चींत बसून हळहळत होतों, तें आमच्याच यादींतलें दुसरें नांव होतें.

आतां शिक्क्याविषयीं. असा पहिला शिक्का १९८८ सालीं हॉलंडांत कॉफीवर निघाला. जावा बेटांतील रयतेच्या पिळवणुकीवर १८६० सालीं तिकडे 'माक्स हावेलार' नांवाची कादंबरी निघाली होती. तिच्या नायकाचेंच नांव त्या शिक्क्याला दिलें. पुढें तो कोकोवर आणि कापसावरही आला. विदर्भांतील कांहीं शेतकरी-गटांचा कापूस त्या शिक्क्यानें विकला गेला आहे. किमान भाव आणि गांवच्या कामांसाठीं वर कांहीं रक्कम, ही त्याची रीत आहे आणि ती चांगली आहे. परंतु ती रक्कम येते शेतकऱ्यांच्या संघाकडे. वेचणारी बाई त्या संघाची सभासद नसते. शेतकऱ्याला मिळालेला न्याय वावराच्या धुऱ्यापर्यंत पोंचला तरी आंत ओटी बांधून उभी असलेल्या बाईपर्यंत जाईलच असें नाहीं. तेथें तो शेतकऱ्यानें, किंवा जमिनीच्या मालकानें, स्वतः न्यावा लागतो.

हें सुचल्यावर आम्ही अस्वस्थ झालों, कारण मालक आम्ही आहों. वडिलांमागें तें वावर आम्हीं मक्त्यानें दिलें आहे. मक्ता वेळेवर येतो आणि तो मोजून घेण्यापलीकडे शेतीशीं आमचा संबंध उरलेला नाहीं. नातीची सुटी संपावयास अवकाश होता. गांवची शाळा मात्र उघडली होती. तिला घेऊन आम्ही वावरांत गेलों. वेचणी चालू होती. वेचणाऱ्यांत मूल दिसलें नाहीं, आणि आम्हांला हायसें वाटलें. मग धुऱ्यावरच्या बाभळीखालीं नातीला आठनऊ वर्षांचा एक मुलगा दिसला. तो धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसला होता. वेचीत नव्हता, पण शाळेंतही नव्हता.

नातीनें मक्तेदाराला विचारलें, "काका, मजुरी किलोऐवजीं रोजानें दिली तर नाहीं का चालणार?"

त्यानें उत्तर तिला दिलें, पण पाहिलें आमच्याकडे. "देतो ना, ताई. बाबाजीले म्हना, मक्ता कमी करा."

परत येतांना गाडींत कोणी फारसें बोललें नाहीं. नातीच्या पेटीची किंमत पाहून आमचा चष्मा धुरकटला होता. आतां आम्हांला आमच्या शिक्क्याची किंमत कोणीं तरी उघड्या वावरांत सांगितली होती, आणि ती पेटीहून पुष्कळ जास्त होती. सत्य सांगावयाचें तर आठ दिवस आम्हीं कारणें शोधलीं. औषधपाणी महागलें आहे. एकट्यानें मक्ता कमी करून जगाचा बाजार थोडाच बदलतो. शेजारच्या वावरांत तर किलोवरच चालतें. हीं सर्व कारणें खरीं आहेत. १९१२ सालींही कारणें खरींच असतील.

शेवटीं ह्या वर्षापुरता मक्ता आम्हीं चौथाईनें उतरविला आहे. अटी दोन घातल्या: मजुरी रोजावर, आणि वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावरचीं लहान मुलें सांभाळण्यास एक म्हातारी बाई नेमावयाची, म्हणजे मोठीं भावंडें शाळेंत जातील. तिचा पगार आम्हीं द्यावयाचा. ह्यानें काय साधेल तें आज सांगतां येत नाहीं. आपण मोठें औदार्य केलें असें अधूनमधून वाटूं लागतें, तेव्हां आम्ही १९७३ च्या वहीचें तें पान उघडतों. हंगाम संपला म्हणजे मक्तेदाराचा हिशेब येईल. तो नातीकडून तपासून घ्यावयाचें आम्हीं ठरविलें आहे. हातचा विसरण्याची आमची संवय जुनी आहे.