कोचीच्या गोदामातली मिरवणूक

मडगावहून रात्रीच्या गाडीनं एर्नाकुलम आणि तिथून बोटीनं फोर्ट कोची. जानेवारी २०१९ मध्ये मी आणि माझी नणंद तिथलं बिएनाले पाहायला गेलो. आदल्या ऑगस्टमध्येच केरळात महापूर येऊन गेला होता, तरी प्रदर्शन डिसेंबरात ठरल्याप्रमाणे उघडलं होतं. अमूर्त चित्रासमोर आमच्या नणंदबाईंना दोन मिनिटांत जांभई येते, त्यामुळे पहिले दोन तास आम्ही चहाच्याच शोधात होतो म्हणा ना!

मग एका जुन्या गोदामातून बँडचा आवाज आला. आत काळोख आणि ओळीनं आठ मोठे पडदे. दक्षिण आफ्रिकेच्या विल्यम केंट्रिजची ही २०१५ सालची कलाकृती, साधारण पंधरा मिनिटांची. कोळशानं चित्र काढायचं, थोडं पुसायचं, पुन्हा काढायचं आणि प्रत्येक वेळी छायाचित्र घ्यायचं, अशी चलच्चित्रं करण्याबद्दल तो प्रसिद्ध आहे. इथं मागं कोळशानं रेखाटलेला उजाड माळ आणि पुढून खऱ्या माणसांची सावल्यांसारखी मिरवणूक. वाजंत्री, नाचणारे, डोक्याएवढी चित्रं उंच धरलेले लोक, मध्येच हाडांचे सापळे. एका पडद्यावरून माणूस जातो, फटीत क्षणभर नाहीसा होतो आणि पुढच्यावर उगवतो.

मला आधी आमच्या मडगावची दिंडी आठवली. पण दिंडीला कुठं पोहोचायचं ते ठाऊक असतं. ही माणसं हाकलून लावलेली की उत्सवाला निघालेली, तेच कळत नाही. चेहरे फारसे लक्षात राहत नाहीत, राहते ती चाल. कोण पाय ओढतो, कोण ठेक्यावर उचलतो.

मग सलाइनचे स्टँड ढकलत रुग्ण आले. पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ होती, त्याच सुमाराचं हे काम.

"वहिनी, बाबा!" नणंदेनं माझा दंड धरला.

मामंजी शेवटच्या आठवड्यात नर्सचं न ऐकता अस्सेच इस्पितळाच्या व्हरांड्यात फिरायचे, एका हातात स्टँड, दुसऱ्या हातात पायजम्याची नाडी. चेहरा स्पष्ट दाखवला असता तर तो कुणा परक्याचा झाला असता.

फिल्म संपून पुन्हा सुरू झाली. नणंद हलली नाही. ते रुग्ण परत आले, आठव्या पडद्यापलीकडे गेले, तेव्हा तिनं चपला सरकवल्या.

"चला वहिनी, भूक लागली."