खाडाखोड नसलेली वही

पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील चुडाव्यात काकांचे खत-बियाण्यांचे दुकान आहे. त्यांच्या रोजमेळात खाडाखोड नसे. नोंद चुकली तर ती तशीच ठेवून खाली दुरुस्तीची नवी नोंद होई.

सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुली केलेली झेडएफएस ही फाइलप्रणाली मला म्हणूनच परकी वाटली नाही. तीही जुन्या मजकुरावर लिहीत नाही. नवे कोऱ्या जागी लिहिते आणि ते पुरे झाल्यावरच त्याला खरे मानते. वीज मध्येच गेली तर शेवटच्या काही क्षणांचे काम जाईल, पण अर्धवट पान उरत नाही. (मराठवाड्यात ही सोय मोठीच!)

मोठ्या ऐटीत मी दुकानातील एकाच संगणकावर दोन व्हर्च्युअल मशीन उभारली, एक हिशेबाचे आणि एक साठ्याचे. दर तासाला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या नोंदींना हात न लावण्याची हमी. मात्र जपलेले जुने जागाही अडवते, हे साधे गणित विसरलो. ऐन पेरणीत डिस्क भरली आणि हिशेबाचे मशीन थबकले. दारात उधारीवर बियाणे नेणारे शेतकरी उभे. काकांनी न बोलता फळीवरची वही काढली.

रात्री जुने स्नॅपशॉट काढून टाकताच मशीन सुरू झाले. एकही नोंद गेली नव्हती. मी सुटकेचा श्वास टाकला, तोच काका म्हणाले, "पण हे सगळं या एकाच डब्यात ना? डबाच चोरीला गेला तर?"

आता दर शनिवारी स्नॅपशॉटची प्रत वेगळ्या डिस्कवर उतरते आणि ती डिस्क काकांच्या पिशवीतून घरी जाते.