बाविसाव्या फोटोनंतर

"दादाने जोर लावला आणि कॅमेरा बसला." हे आत्याचं वाक्य आमच्या घरात 1984 पासून चालू आहे. तिच्या लग्नात फोटोग्राफर घरचाच, म्हणजे काका. सप्तपदीच्या आधीच कॅमेरा अडकला आणि पुढचे फोटोच नाहीत. (आत्या, तू इथे येऊन वाचतेस हे माहीत आहे, म्हणूनच लिहितोय!)

कॅमेरा झोर्की-4. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला 1956 ते 1973 या काळात बनलेलं मॉडेल. आमच्यावरचा क्रमांक 71 ने सुरू होतो, म्हणजे 1971 चा. काका ओझरच्या विमान कारखान्यात होते, तिथे मिगच्या कामासाठी आलेल्या एका रशियन माणसाने मायदेशी परतताना तो त्यांना विकला. गेल्या दिवाळीत काकांनी तो मला दिला, सोबत लग्नाच्या निगेटिव्हचं पाकीट.

निगेटिव्ह उजेडात धरली आणि चक्रावलोच. पहिले बावीस फोटो सारख्या अंतरावर, अगदी नीट. त्यानंतर कडेची भोकं एकेक करून फाटत गेलेली.

मंडळी, आता थोडं यंत्राबद्दल. नॉब फिरवला की आत एक दातेरी चाक फिरतं, ते दर फोटोला आठ भोकं म्हणजे 38 मिलिमीटर फिल्म मोजून पुढे सोडतं. शेजारचं रीळ ती गुंडाळून घेतं. पण फिल्म गुंडाळत जाईल तसं रीळ जाड होतं, म्हणजे तेवढ्याच 38 मिलिमीटरसाठी त्याने कमी फिरायला हवं. म्हणून ते दांड्यावर पक्कं नसतं, नुसत्या घर्षणावर बसवलेलं असतं. ताण आला की सटकतं. वर्षानुवर्षांचं ग्रीस वाळून चिकट झालं की हे सटकणंच बंद होतं. सुरुवातीला काही कळत नाही. रीळ जाड झालं की मग ओढाताण, नॉब जड आणि भोकं फाटलेली.

काकांनी जोर लावलाही असेल. पण भटजी काही कॅमेऱ्यासाठी थांबत नाहीत! आणि दुखणं त्याच्या आधीचंच होतं.

तीन संध्याकाळी गेल्या. काडीच्या टोकाने रिळाच्या मुळाशी आयसोप्रोपिल अल्कोहोल, एकेक थेंब, आणि रीळ बोटाने मागेपुढे. शटरचे पडदे रबर लावलेल्या कापडाचे असतात, त्यांना थेंबही लागू द्यायचा नाही. तेल तर मुळीच घालायचं नाही, रीळ इतकं सैल होतं की फिल्म गुंडाळलीच जात नाही, मध्येच चुरगळते. शेवटी रिळावर अंगठा हलकेच दाबून नॉब फिरवला. दातेरी चाक फिरत राहिलं, रीळ अंगठ्याखाली थांबलं. बस, हेच हवं होतं.

मग छत्तीसचा एक रोल घातला. सगळे छत्तीस आले, भोकं शाबूत.

काकांना फोनवर सांगितलं तर नुसतं "बरं" म्हणाले. दहा मिनिटांनी परत फोन : "तुझ्या आत्याला तू सांगतोस की मी सांगू?"