आठवड्याचे अठ्ठावीस तास

माझ्याकडे जपानी शिकायला येणाऱ्या मुलींच्या आया पहिला प्रश्न कोणता विचारतात, सांगा बरं? व्याकरण अवघड आहे का, हा नाही. तिकडे सारखे भूकंप होतात म्हणे, हाही नाही. दारात चपला काढता काढताच विचारतात, "काय हो मॅडम, तिकडे काम करून शिकता येतं ना? फी सुटते ना मुलीची त्यातून?"

एका दमात विचारलेले हे दोन प्रश्न आहेत आणि दोन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. काम करून शिकता येतं. फी सुटत नाही. एवढं सांगून मोकळी झाले असते, पण दुसरं उत्तर ठाऊक नसल्यामुळे काही मुलींची सारी धडपड वाया गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणून आज जरा सविस्तर.

मी एप्रिल २०२३ मध्ये तोक्योला गेले आणि मार्च २०२५ मध्ये परत आले. ताकादानोबाबा भागात माझी भाषाशाळा होती आणि राहायला निशी-कासाईला. निशी-कासाई म्हणजे आपल्या लोकांची वस्ती. डाळ-तांदूळ, हिंग, सगळं मिळतं. तोझाई मार्गाच्या गाडीत बसलं की गाडी न बदलता थेट ताकादानोबाबा. सिंहगड रस्त्यावरच्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात बसून मी जे जपान मनात रंगवलं होतं, त्यात उभ्याउभ्या डुलक्या घेणारी माणसं नव्हती, हे मात्र खरं!

विद्यार्थ्याच्या व्हिसावर तिथं मुळात कामाची परवानगीच नसते, बरं का. ती वेगळी मागावी लागते. विमानतळावर उतरल्याबरोबर अर्ज दिला, की राहण्याचं जे ओळखपत्र मिळतं त्याच्या पाठीवर शिक्का मारून देतात. आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करा. बार, पाचिंको अशा ठिकाणी मात्र अजिबात नाही, अगदी भांडी घासायलासुद्धा नाही. शाळेला मोठी सुट्टी लागली की दिवसाला आठ तास चालतात. आणि दोन ठिकाणी नोकरी केलीत तर हे २८ तास दोन्हींचे मिळून, प्रत्येकी नव्हेत!

खरी मेख पुढेच आहे. हा आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार नव्हे. कुठल्याही वारापासून मोजा, लागोपाठच्या सात दिवसांत २८ च्या वर जाता कामा नये. समजा, मुलीनं मंगळवार ते शुक्रवार पाच-पाच तास केले आणि शनिवारी आठ. झाले अठ्ठावीस. पुढच्या आठवड्यात मालक म्हणाला, "शुक्रवारऐवजी सोमवारी ये." तिला वाटतं, यात काय, तेवढेच तर तास! पण मंगळवार ते सोमवार मोजून बघा: तेहेतीस होतात. आईनं माझ्या बॅगेत कालनिर्णय घातलं होतं, सणवार कळावेत म्हणून. आई तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब मांडते ना, तसे मी तास मांडत असे. रोज रात्री मागचे सहा चौकोन आणि आजचा, अशी बेरीज. खोलीतल्या मुली आधी हसायच्या, मग आपलेही तास घेऊन माझ्या कॅलेंडरापाशी यायला लागल्या.

आता पैशांचं. फावल्या वेळच्या नोकरीला तिथं 'आरुबाईतो' म्हणतात. शब्द मूळचा जर्मन, पण आता सगळ्यांच्या तोंडी 'बाईतो' एवढाच उरला आहे. मला पहिला बाईतो मिळाला तो कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात. संध्याकाळी पाच ते दहा, असे चार दिवस, आणि शनिवारी आठ तास. त्या वेळी तोक्योत किमान वेतन तासाला १,०७२ येन होतं (ऑक्टोबर २०२५ पासून ते १,२२६ झालं आहे). म्हणजे आठवड्याचे ३०,०१६ येन, महिन्याचे चार आठवडे धरले तर एक लाख वीस हजार. एक येन तेव्हा साठ पैशांच्या आसपास होता. म्हणजे बहात्तर हजार रुपये! आमच्या गल्लीत ही बातमी माझ्या आधी पोचली होती.

पण थांबा. दोघींत एक खोली, तिचं माझ्या वाट्याचं भाडं ४०,०००. खाण्यापिण्याचे ३०,०००. वीज, गॅस, फोन, आरोग्य विमा मिळून १८,०००. गाडीचा पास, पुस्तकं, थंडीचे कपडे वेगळेच. हाती दहा-पंधरा हजार येन उरले तर दिवाळी! आणि भाषाशाळेची फी वर्षाला सात-आठ लाख येन. त्यातली बरीचशी इथून निघण्यापूर्वीच भरावी लागते. माझी फी बाबांच्या प्रॉव्हिडंट फंडातून गेली होती, हे मी एक दिवसही विसरू शकले नाही. पुढे राष्ट्रीय विद्यापीठात गेलं तरी तिथली ठरलेली फी वर्षाला ५,३५,८०० येन. तीही बाईतोच्या शिलकीत बसत नाही. बाईतोतून घरखर्च निघतो, आणि तो निघतो हेही काही थोडं नाही. पण त्यापुढचं गणित कुणी मांडून दाखवत असेल तर सावध राहा.

माझ्या शेजारच्या बाकावरच्या नेपाळी मुलीला ते तसं मांडून दाखवलं होतं. तिची-माझी लिपी एकच. जपानी अक्षरांचे उच्चार आम्ही एकमेकींच्या वहीत देवनागरीत लिहून घेत असू, आणि बाकीचा वर्ग बघत बसे! घरची जमीन गहाण ठेवून ती आली होती. "पहिलं वर्ष घरून भरा, पुढचं तीच कमावेल," असं तिच्या गावच्या एजंटानं तिच्या वडिलांना सांगितलेलं. दुसऱ्या वर्षाची फी जवळ आली, तशी तिनं संध्याकाळच्या हॉटेलकामाशिवाय रात्री डबे भरण्याच्या कारखान्यात काम धरलं. रात्री दहा ते पहाटे पाच मजुरी सव्वापट मिळते, हा मोह केवढा मोठा! सकाळी ती वर्गात यायची आणि पेन हातात धरूनच झोपायची. मग येईनाशीच झाली. त्यात येन घसरत चाललेला, म्हणजे तेवढेच येन पाठवले तरी घरी पोचणारे पैसे कमी. व्हिसा वाढवून घ्यायची वेळ आली तेव्हा कराचा दाखला मागितला गेला. दोन्हीकडची कमाई त्यात एकत्र दिसत होती, आणि शाळेतली हजेरी तर आधीच खाली आलेली. व्हिसा वाढला नाही. विमानतळावर सोडायला आम्ही तिघी गेलो होतो. कर्ज फिटलेलं नव्हतं, परीक्षाही झालेली नव्हती. लोक तिलाच दोष देतात. मला तो देववत नाही.

माझ्यावरही प्रसंग आला. नोव्हेंबर २०२३. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी माझी परीक्षा होती, आणि दुकानातला एक मुलगा नेमका तेव्हाच काम सोडून गेला. दुकानाचे व्यवस्थापक म्हणाले, "दोन दिवस जास्त ये, ते तास आपण पुढच्या महिन्यात दाखवू." मी ओळखपत्र उलटं करून शिक्का पुढे धरला. जपानी माणूस तोंडावर नकार देत नाही, रागही दाखवत नाही. त्यांनी फक्त दातांतून हवा आत ओढली. पुढच्या महिन्याचा तक्ता लागला, त्यात माझे आठवड्याचे तास १५ वर आले होते!

पंधरा तासांत घरखर्च निघणार नव्हता. त्या चार आठवड्यांत मी मुगाची खिचडी इतक्या प्रकारांनी केली, की त्यावर वेगळा लेख होईल. पण परीक्षा झाली, पास झाले, आणि तेवढ्यात दुसरं काम शोधलं. खरं सांगू? कोंबिनी सोडायचीच होती. "कामामुळे भाषा सुधारते," असं सगळे म्हणतात, ते पहिल्या तीन महिन्यांपुरतं खरं आहे. पिशवी हवी का, गरम करून देऊ का, सुटे इतके इतके परत... चाळीस वाक्यं पाठ झाली की पुढे तीच घोकायची. त्यातही तिथलं आदरार्थी बोलणं जुन्या माणसांच्या कानाला खटकतं.

हे मला सांगितलं माझ्या नव्या मालकीणबाईंनी. एक म्हातारं जोडपं डब्याचं छोटंसं दुकान चालवत होतं. मी पहिल्याच दिवशी कोंबिनीतलं एक वाक्य बोलले आणि बाईंनी पळी खाली ठेवून ते सुधारलं. मग वर्षभर त्यांनी तेच केलं! दुपारी दोन ते सहा असे चार दिवस, शनिवारी सहा तास, एकूण २२. तोवर किमान वेतन १,११३ झालं होतं, मजुरी तीच. म्हणजे २८ तासांच्या मानानं आठवड्याला साडेसहा हजार येन कमी. पण सात वाजता घरी, जेवण, तीन तास अभ्यास आणि अकराला झोप. उरलेला भातही बाई बांधून देत. कोंबिनीत तर मुदत संपलेले डबे माझ्याच हातांनी टाकावे लागत, तेव्हा पोटात कालवायचं. मी मासे खात नाही म्हटल्यावर माझ्यापुरता भोपळा त्या समुद्री शेवाळाच्या पाण्यात शिजवायच्या. गिऱ्हाईक नसलं की गप्पा. युद्धानंतरच्या टंचाईच्या, मुलाच्या, सुनेच्या! वर्गातल्या पुस्तकात न सापडणारं जपानी मला त्या कट्ट्यावर मिळालं. डिसेंबर २०२४ मध्ये मी एन-२ झाले, ती या २२ तासांवर.

तेव्हा मुलीला पाठवत असाल तर दोन्ही वर्षांच्या फीची सोय आधी करा, आणि तिला सांगा, काम शाळेजवळ किंवा घराजवळच बघ, मजुरी पाचपन्नास येन कमी असली तरी चालेल. वीस वर्षं पूर्ण असतील तर तिथल्या पेन्शनचं पत्र येतं. विद्यार्थ्यांना हप्ता लांबणीवर टाकायची सवलत आहे, पण नगर कार्यालयात जाऊन अर्ज करावा लागतो. आरोग्य विमा असला की दवाखान्याच्या बिलातले ३० टक्केच आपल्याला भरावे लागतात.

आणि बॅगेत काय द्यायचं म्हणाल, तर गोडा मसाला, मेतकूट, कालनिर्णय. कुकर द्या, पण आधी तिच्या खोलीत गॅस आहे की इंडक्शनची शेगडी ते विचारा. साधा ॲल्युमिनियमचा त्या शेगडीवर तापत नाही. मिक्सर मात्र मुळीच देऊ नका. तिथली वीज १०० व्होल्टची, आपला मिक्सर नुसता घुर्र करून बसतो.