चौथा माणूस



गेल्या ऑक्टोबरमध्ये मी न्यू जर्सीला मुलाकडे होते. शनिवार होता. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकावीत म्हणून सूनबाईनं लवकरच पोळ्या केल्या. मुलानं पहिला घास घेतला आणि कमरेचा पेजर वाजला. तो तसाच उठला, बूट चढवले आणि गाडी घेऊन गेला. काचेमागे निळा दिवा लुकलुकत होता. सूर्य मावळला, ताट तसंच राहिलं. रात्री नऊला आला आणि नुसतं पाणी पिऊन झोपला.

मला रागच आला. दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणारा माझा मुलगा एक पैसाही न घेता आगी विझवायला जातो, हे मला तिथं गेल्यावर कळलं. फोनवर कधी बोलला नव्हता. सकाळी मी विचारलं, "अरे, तिथं पगारी माणसं आहेत ना? मग तू कशाला जीव धोक्यात घालतोस?"

"आहेत ना आई, पण पुरेशी नाहीत," तो म्हणाला.

मग त्यानं समजावून सांगितलं. त्यांच्या गावचं अग्निशमन दल मिश्र आहे. आठवड्याच्या कामाच्या दिवसांत ठाण्यावर पगारी जवान असतात, कारण तेव्हा स्वयंसेवक आपापल्या नोकरीवर असतात. रात्री आणि शनिवारी-रविवारी पगारी माणसं मोजकीच, बाकीचे स्वयंसेवक पेजर वाजला की घरून धावतात. सगळेच पगारी ठेवायचे तर छोट्या गावाला तेवढा कर परवडत नाही. प्रशिक्षण मात्र स्वयंसेवकालाही घ्यावंच लागतं. अंगावरचा पोशाख आणि हवेची टाकी मिळून वीस किलोच्या वर वजन होतं.

"आणि नियम असा आहे आई, की जळत्या घरात दोघं शिरले तर बाहेर दोघं तयार उभे हवेत. आत कुणी अडकलंय हे माहीत असेल तरच त्यातून सूट. आमच्या पहिल्या बंबावर कधीकधी तिघंच असतात. मग चौथा कोण?"

मी गप्प बसले. पण मन मानेना. १९४४ साली १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्या जवानांनाही आया होत्याच की. "मी परत जायच्या आत हे सोड," असं मी त्याला सांगून टाकलं.

दिवाळी जवळ आली. एका मंगळवारी सकाळी मी चकल्या तळायला तेल तापत ठेवलं आणि सांगलीहून बहिणीचा फोन आला म्हणून बाहेरच्या खोलीत गेले. चूक माझीच. परत आले तर कढईनं पेट घेतलेला! मी पाण्याचा तांब्या उचलला. सूनबाई ओरडली, "आई, पाणी नको!" आणि तिनं माझा हात धरून मागे ओढलं. तोवर वरचं लाकडी कपाट धरलं होतं. आम्ही दोघी दार ओढून घेऊन बाहेर पडलो आणि तिनं ९११ ला फोन लावला.

मुलगा तेव्हा तासाभराच्या अंतरावर ऑफिसात होता. पण बंब काही मिनिटांत दारात उभा राहिला. त्यात पगारी जवान होते. मागोमाग दुसरी गाडी आली, ती चालवणारे गृहस्थ होते निवृत्त शिक्षक, आमच्याच गल्लीतले. ते स्वयंसेवक. दोघं आत गेले, दोघं दारात सज्ज राहिले. आग विझली, तरी ते निघाले नाहीत. भिंतीत कुठं निखारा दडलाय का, हे उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यानं तपासलं. खिडक्या उघडून मोठ्या पंख्यानं धूर बाहेर काढला. पगारी कोण आणि बिनपगारी कोण, मला ओळखता आलं नाही. पोशाख सारखाच, घामही सारखाच.

मी अंगणात थरथरत बसले होते. त्या शिक्षकांनी माझ्या खांद्यावर पांघरूण घातलं. तेव्हा मनात आलं, यांच्याही घरी कुणीतरी ताट झाकून ठेवलं असेल. माझा मुलगा शनिवारी ज्यांच्या दारी गेला, त्यांनाही असंच वाटलं असेल. "पगारी माणसं आहेत ना," असं प्रत्येक आई म्हणाली असती, तर आज माझ्या दारात चौथा माणूस आला नसता.

अमेरिकेत अग्निशमन दलातले सुमारे दोन तृतीयांश लोक स्वयंसेवक आहेत, असं मुलानं नंतर सांगितलं. पण त्यांची संख्या घटत चालली आहे. १९८४ मध्ये ते जवळपास नऊ लाख होते, २०२० मध्ये सात लाखांच्याही खाली आले.

मैत्रिणींनो, तळताना गॅसपासून हलू नका. कढईच्या मापाचं झाकण हाताशी ठेवा. तेल पेटलंच तर पाणी कधीही ओतू नका. आग कढईपुरती असेल आणि हात पोचत असेल, तर झाकण सरकवून गॅस बंद करा. पसरली असेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा.

मुलाकडून मागितलेलं वचन मी परत घेतलं. भीती गेली म्हणाल तर नाही. आता सांगलीत असते, पण शनिवारी-रविवारी फोन करून आधी विचारते, "दिवसाउजेडी जेवलास का?" मग ऐकत बसते, मागे पेजर वाजतोय का.