आरसा गेल्यावर

हॅसलब्लाडच्या ५००सी कॅमेऱ्यात मान खाली घालून वरून बघायचं. काचेवर चौकोनी चित्र उमटतं, उजव्याचं डावं झालेलं. बटण दाबलं की आरसा वर उडतो, काच काळी पडते आणि बाजूची चावी फिरवेपर्यंत काळीच राहते. चावीच्या त्या एका फेऱ्यात फिल्म पुढे सरकते, आरसा खाली येतो, लेन्समधलं शटर पुन्हा ताणून बसतं. हे १९५७ सालचं यंत्र. लेन्स झाइसची, पण खोका, आरसा, दाते हे सगळं स्वीडनमध्ये गोथेनबर्गला जुळवलेलं. कंपनीचा संस्थापक व्हिक्टर हॅसलब्लाड स्वतः पक्ष्यांचा वेडा, पक्ष्यांचे फोटो काढणारा. त्यामुळे हातातल्या कॅमेऱ्याकडून काय हवं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

२०१६ मध्ये याच कंपनीने एक्स१डी हा डिजिटल कॅमेरा आणला आणि मिडियम फॉरमॅटमधला, म्हणजे मोठ्या चौकटीच्या कॅमेऱ्यातला, आरसा काढून टाकला. हलणारे भाग घटले, वजन पाऊण किलोच्या आत आलं. छोट्या कारखानदाराचं काम सोपं झालं असं वाटावं, पण अवघडपणा फक्त जागा बदलून बसला. आता सगळी मदार सेन्सरवर आणि सॉफ्टवेअरवर. पहिला एक्स१डी सुरू व्हायलाच कितीतरी सेकंद घ्यायचा, तो याचमुळे. सेन्सर सोनीचा, ४४ बाय ३३ मिलिमीटरचा; तोच पेंटॅक्सकडे, तोच फुजीकडे. फुजीने २०१८ मध्ये जीएफएक्स ५०आर साडेचार हजार डॉलरला विकायला काढला, एक्स१डीच्या मूळ किमतीच्या निम्म्याला. किमतीच्या या खेळात छोटा टिकत नाही. हॅसलब्लाडमध्येही तोवर डीजेआय या चिनी ड्रोन कंपनीचा पैसा आला होता.

छोट्यांसाठी मला आशा दिसते ती हॅसलब्लाडच्याच सीएफव्ही १००सी या डिजिटल बॅकमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीला लावायच्या सेन्सरच्या डब्यात. ९०७एक्स नावाच्या दोनशे ग्रॅमच्या चकतीवर तो चढवला की आरशाविना कॅमेरा तयार. तोच काढून आजोबांच्या ५००सीच्या पाठीला लावला की तिथेही फोटो निघतो. हे मोठ्या कंपनीला सुचणार नाही, कारण तिला दर दोन-तीन वर्षांनी नवं मॉडेल खपवायचं असतं. स्वित्झर्लंडच्या अल्पा या छोट्या कंपनीची वाटही हीच: खोका आपला, बॅक फेज वन या दुसऱ्या कंपनीचा. म्हणून अशा कंपन्यांकडे माझं एकच मागणं आहे. मेगापिक्सेल किती ते नंतर सांगा. बॅटरी आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील, ते आधी लिहून द्या.