खुंटीवरची चावी

पोलीस ठाण्यातून वाहतुकीचं पत्रक आलं की मुख्याध्यापक ते माझ्या टेबलावर ठेवतात. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे हे काम माझ्याकडेच येतं. मराठी मजकूर उर्दूत करायचा आणि जुम्याच्या आत जमातीच्या फळ्यावर लावायला पाठवायचा. 'अवजड वाहनांस प्रवेश बंद करणेत येत असून वाहतूक पर्यायी मार्गाने वळविणेत आली आहे' या वाक्याचं भारदस्त उर्दू होऊ शकतं. मी ते करत नाही. कुठल्या नाक्यावरून वळायचं, किती वाजेपर्यंत, रिक्षा सोडतील की नाही, एवढंच लिहिते. घरातल्या बायकांना तेवढंच हवं असतं.

असं पत्रक घराघरांत किती बारकाईनं वाचलं जातं, ते मी २०२२ साली पाहिलं. खेड आणि चिपळूणच्या मधला परशुराम घाट चौपदरीकरणाच्या कामासाठी एप्रिलच्या अखेरीपासून महिनाभर रोज दुपारी १२ ते ५ बंद ठेवला होता. रमजानचा शेवटचा आठवडा नेमका त्यात आला, ३ मे रोजी ईद होती. मुंबई, मुंब्रा, कल्याणहून माणसं ईदला गावी निघालेली. लहान गाड्यांना चिरणीमार्गे वाट होती, पण ती अरुंद आणि वळणावळणाची. माझी नणंद मुंब्र्याहून सहरी करून, फजर पढून निघाली, कारण बाराच्या आत घाट ओलांडायचा होता. तिच्या सासूबाईंना तर वेळापत्रक तोंडपाठ झालं होतं. ज्या बाई एरवी वर्तमानपत्राला हात लावत नाहीत, त्या फोन करून विचारत होत्या, "आज पण बाराच ना?"

घाट बंद असेल तर आपण अडकतो, म्हणून वाचतो. पत्रकाच्या खालच्या अर्ध्या भागात हेल्मेट, तिघांनी एका गाडीवर बसणं, अठरा वर्षांखालच्या मुलांना गाडी देणं याबद्दल लिहिलेलं असतं. ते न वाचल्यानं त्या दिवशी तरी कुणाचं अडत नाही.

रमजानात मगरिबच्या आधीचा अर्धा तास आमच्या मोहल्ल्यात फार वाईट असतो. भजी तळून होत आलेली असतात आणि अचानक लक्षात येतं की बर्फ नाही, पाव नाही, रूहअफजाची बाटली संपली. घरातला मोठा माणूस अजून कामावरून यायचा असतो, किंवा तो आखातात असतो. आमच्या कोकणात ही दुसरी गोष्ट जास्त. मग खुंटीवरची चावी पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात जाते. "जा रे, पटकन आण." त्या पटकनमध्येच सगळं आलं. दिवसभराचा रोजा, डोळ्यांवर मावळतीचं ऊन आणि कान अजानकडे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नववीच्या वर्गातला एक मुलगा असाच बर्फ आणायला गेला. भाजीची टोपली घेऊन घरी परतणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंना त्यानं वळणावर उडवलं. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, मुलाच्या पायात सळई घालावी लागली. गाडी वडिलांच्या नावावर आणि वडील कुवेतला. मुलाच्या आईनं मला विचारलं, "टीचर, ते तर इथं नव्हतेच, मग पोलीस त्यांचं नाव का लिहितात?"

कारण कायद्यात तसं लिहिलंय. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९अ घातलं गेलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. आपल्याला ठाऊक नव्हतं किंवा आपण अडवायचा प्रयत्न केला होता, हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. आखातात ड्रायव्हरची नोकरी हे आमच्या कितीतरी मुलांचं स्वप्न असतं, म्हणून ही शेवटची अट मी वर्गात दोनदा वाचते.

'स्कूटीला गिअर नसतो, सोळाव्या वर्षी चालते' हे वाक्य मला प्रत्येक पालकसभेत ऐकू येतं. अर्धंच खरं आहे ते. सोळा ते अठरा वयात पालकांच्या संमतीनं लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं. दुकानात आज दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर शंभर सीसीच्या वरच्या आहेत. म्हणजे अठराच.

आता आपल्या बायकांबद्दल एक गोष्ट, जी पत्रकात कधीच नसते. बुरखा आणि मागचं चाक. आपण एका बाजूला पाय सोडून बसतो, मांडीवर मूल, हातात पिशवी, आणि नकाबाचं किंवा ओढणीचं टोक वाऱ्यावर. ते चाकात गेलं की चालवणाऱ्याला कळायच्या आत मागची बाई खाली ओढली जाते. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण, धरायला आधार आणि पाय ठेवायला जागा मोटारसायकलला असलीच पाहिजे, असा केंद्रीय नियम आहे. त्यालाच साडीगार्ड म्हणतात. मुलं गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून पहिल्याच आठवड्यात ते काढून टाकतात. अशा गाडीवर मी बसत नाही, भाच्याची असली तरी. बसण्यापूर्वी बुरख्याचा घेर गोळा करून मांडीखाली दाबून घ्यायचा, ओढणीची टोकं आत खोचायची. हेल्मेट मागे बसणारीलाही लागतं, चार वर्षांवरच्या मुलालाही. स्कार्फ पातळ आणि नीट बांधलेला असला, मागे जाड गाठ नसली, तर त्यावर ते व्यवस्थित बसतं. मी रोज घालते. सुरुवातीला मोहल्ल्यातली पोरं हसायची.

त्या अपघातात मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. भाजीवाल्या बाई दहा मिनिटं रस्त्यावर पडून होत्या आणि माणसं 'पोलिसांचं लफडं नको' म्हणून लांब उभी होती. मदत करणाऱ्याला आता कायद्याचं संरक्षण आहे, त्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. १०८ लावला की रुग्णवाहिका येते, ११२ लावला की पोलीस. हे मी पत्रकाखाली नेहमी मोठ्या अक्षरात लिहिते.

आमच्या गल्लीतल्या सहा घरांनी त्यानंतर एक केलं. रमजानात बर्फ आणि पाव असरनंतर एकच रिक्षावाले चाचा सगळ्यांसाठी घेऊन येतात. मोठ्या भाभींच्या ओट्यावर पिशव्या ठेवतात, ज्यानं त्यानं आपली उचलायची. बर्फ मगरिबपर्यंत थोडा वितळतो, त्यावरून कुरकुर होते. माझ्या शेजारणीनं स्कूटीची चावी खुंटीवरून काढून तांदळाच्या डब्यात ठेवली. तिचा मुलगा चार दिवस तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी त्यानं डबा शोधून काढला. आता चावी कुठे आहे, ते ती मलाही सांगत नाही.